टकल्यांची जादा बाटली

प्रयोगशाळेतले उंदीर सांभाळणं हे माझं काम. त्यातले वीस जन्मापासून टकले. अंगावर केस नाहीत आणि छातीत थायमस नावाची ग्रंथी नाही. रोगाशी लढणाऱ्या टी पेशी याच ग्रंथीत तयार होतात. ग्रंथीच नाही, तरी टकल्यांत थोड्या टी पेशी सापडतात. त्या किती जगतात आणि मेल्या की नव्या कुठून येतात, हे संशोधक बाईंना शोधायचं होतं.

"काका, तुमचे भाऊबंद आहेत, नीट सांभाळा," बाई माझ्या डोक्याकडे बघून म्हणायच्या.

"माझ्या छातीत सगळं जागेवर आहे," मी म्हणायचो.

पेशी किती जगतात ते कळायला खुणेचं पाणी असतं. उंदीर ते पीत असताना जी पेशी जन्मते तिच्यावर खूण बसते. दहा दिवस तेवढंच पाणी द्यायचं, दुसरं नाही. पण ते कडू. टकले एक थेंब चाटायचे, तोंड पुसायचे आणि माझ्याकडे बघत बसायचे. शेजारच्या पिंजऱ्यातल्या केसाळ उंदरांनाही तेच पाणी होतं, पण ते दांडगट. त्यांचं मला काही वाटलं नाही.

आमची ही पाच महिन्यांपूर्वी गेली. मी तिला चमच्याने कडू औषध पाजायचो. ती तोंड फिरवायची, मी हनुवटी धरायचो. शेवटच्या सकाळीसुद्धा पाजलं. आता बळेच कडू पाजणं माझ्याने होईना. मी संध्याकाळी टकल्यांना साध्या पाण्याची बाटली लावायचो आणि सकाळी बाई यायच्या आत काढायचो.

रक्त तपासून बाई नाचतच आल्या. "काका, केसाळांत खुणा भरपूर, टकल्यांत जवळजवळ नाहीतच! म्हणजे यांच्यात नवी पेशी जन्मत नाही. आहेत त्या जुन्याच, चिवट. आजच लिहून पाठवते."

गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. पण बाई खोटं लिहून बसल्या असत्या, आणि तेही माझ्यामुळे.

"बाई, पाठवू नका," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं, हिच्या औषधासकट.

बाई मटकन खाली बसल्या. "अहो, सगळी मेहनत पाण्यात गेली!"

"साध्या पाण्यात," माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांना रागावायचं होतं, पण हसूच फुटलं. मग म्हणाल्या, "कडू लागतं तर मला विचारायचं ना. साखर घालता येते."

"औषधातसुद्धा चालते?"

"न चालायला काय झालं?"

मी पिंजरे पुसायला लागलो. पुसलेलाच पिंजरा पुन्हा पुसला.

नव्या वीस टकल्यांना साखरेचं पाणी दिलं. ते बाटलीला लोंबकळून प्यायले. दहा दिवसांनी बाईंनी मला हाक मारून पडद्यावर दाखवलं. टकल्यांच्या पेशींत खुणा चमकत होत्या.

"ग्रंथी नाही, म्हणून ज्या आहेत त्याच दुभागतात. एकीच्या दोन," बाई म्हणाल्या. "पण काका, पहिल्या वेळी काय चुकलं तेही लिहावं लागेल. पाणी कडू होतं, साखर घालायला हवी होती."

"लिहा," मी म्हणालो. "मोठ्या अक्षरात लिहा."