न घेतलेले नाव

रखमाजीने संबळ शेगडीवर धरला, कातड्यावर बोट मारून आवाज ऐकला आणि पुन्हा निखाऱ्यांवर धरला. शेजारी बजरंग तुणतुण्याची खुंटी पिळत होता. शनिवार पेठेतल्या दिगंबरपंतांच्या अंगणात गोंधळाची मांडणी झाली होती. नव्या खणावर तांदूळ, त्यावर कलश, भोवती ज्वारीची पाच ताटे उभी. नवी जोडी पाटावर बसली होती.

यजमानीण मथुराबाई दिवटीसाठी तेल घेऊन आल्या.

"गेनबा, आमच्या यमाईला तेवढी नीट हाक मारा हो. चार वर्षं मुलाचं लग्न अडलं होतं. तिला बोलावल्याशिवाय सुनेच्या हातचं पाणी मला गोड लागायचं नाही."

"आणि जरा मोठ्यानं," दिगंबरपंत झोपाळ्यावरून म्हणाले. "तिचं औंध साताऱ्याकडं आहे. पर्वतीच्या पायथ्याशी नाही."

ताफ्याचा नाईक गेनबा तेल घेऊन वळला. तो हो म्हणाला की नाही, हे कोणाला कळले नाही.

बजरंगाचा हात खुंटीवरच थांबला. गेनबाच्या ताफ्यात येऊन त्याला तीन महिने झाले होते. नाइकाने देवीचे नाव घेऊन हाक मारायची आणि मागे उभ्या बजरंगाने 'गोंधळा ये' अशी दोनदा झील धरायची. नावांची ओळ त्याला पाठ झाली होती. त्या ओळीत यमाई नव्हती. कोल्हापूरच्या अंबाबाईनंतर रखमाजीचा संबळ एकाएकी कडाडायचा आणि तो खाली येईपर्यंत नाईक पुढच्या नावावर गेलेला असायचा. आधी बजरंगाला वाटले, आपल्यालाच ऐकू येत नसेल.

"रखमाजीदादा," तो हळूच म्हणाला, "नाईक यमाईचं नाव घेत न्हाईत."

"कान चांगले हायेत तुझे."

"आन आज?"

रखमाजीने संबळ मांडीवर घेतला.

"त्येंची लेक बायडा पयल्या बाळंतपणाला आली हुती. नाईक रातध्याड यमाईपुढं हात जोडून बसला. लेक बी गेली, नात बी गेली. तवापासनं अबोला हाय."

"देवीसंगं?"

"मग काय माझ्यासंगं?"

बजरंगाने नाइकाकडे पाहिले. "मी बोलून बघू का त्येंच्याशी?"

"मागल्या ताफ्यातनं कशापायी निघालास रं?"

बजरंगाने खुंटी पुन्हा पिळायला घेतली. मागच्या नाइकाची चूक त्याने यजमानांसमोर सुधारली होती. दुसऱ्या दिवशी तुणतुणे दुसऱ्याच्या हातात होते. मग कित्येक महिने घरी बसणे. आता कुठे नागझरीकाठच्या खोलीत बायकोने चूल मांडली होती.

दिवे लागले. गेनबाने पायघोळ अंगरखा सावरला, कवड्यांची माळ नीट केली आणि दिवटी हातात घेतली. अंगण अरुंद होते, म्हणून बजरंगाला आज मागे नाही, बाजूला उभे राहावे लागले.

"तुळजापूरची भवानी…"

"गोंधळा ये, गोंधळा ये."

"कोल्हापूरची अंबाबाई…"

"गोंधळा ये, गोंधळा ये."

मथुराबाई चिमटीत हळदकुंकू घेऊन पुढे झुकल्या. रखमाजीचा संबळ कडाडला. बजरंगाने पाहिले ते गेनबाकडे. इतक्या दिवसांत त्याला नाइकाची पाठच दिसत आली होती. आज चेहरा दिसत होता. संबळाच्या त्या गदारोळात गेनबाचे ओठ हलले. औंध. यमाई. नाव ओठांवर पुरते उमटले, आवाज मात्र आला नाही.

बजरंगाने श्वास घेतला.

"औंधची यमाई…"

आवाज बारीकच निघाला. पण रखमाजीच्या हातातल्या काठ्या थबकल्या आणि अंगणात नुसते ते नाव उरले. त्यापुढे झील हवी होती. झील धरणारा बजरंगच होता, आणि आपल्याच हाकेला आपण झील धरायची नसते.

गेनबा वळला नाही. दिवटीचे तेल त्याच्या मनगटावर ओघळले, ते त्याने पुसले नाही. मथुराबाई कलशाकडे पाहत होत्या. त्यांची चिमूट अजून तशीच होती. बजरंगाला नागझरीकाठची चूल दिसली.

"गोंधळा ये," गेनबा म्हणाला.

ते सुरात नव्हते. कितीतरी वेळ दारात उभ्या असलेल्या माणसाला आत यायला सांगावे, तसे ते होते.

मथुराबाईंनी हळदकुंकू वाहिले. झील अजून एकदा यायची होती. गेनबाचे तोंड उघडले. बजरंगाने तार छेडली आणि नाइकाला सूर सापडेपर्यंत तो ती छेडत राहिला.