तिसरी उडी

"चारला घंटा वाजवा आणि गाव रिकामं करा." वेधशाळेच्या प्रमुख मारिबेलबाईंनी फोन ठेवला. पडद्यावर ज्वालामुखीच्या कंपनांची रेषा थयथयाट करत होती.

अब्दोन गुआमान रेषेकडे बघत उभा होता. डोंगरावरच्या भूकंपमापकाला आकडे खाली धाडणारी नवी पेटी आज सकाळी त्यानेच जोडली होती. पस्तीस वर्षं तो हेच काम करत आला होता.

रेडिओ खरखरला. यंत्राजवळच डोंगराच्या कुशीत राहून रोज खबर देणारी झोइला. अब्दोन तिच्या लेकीचा धर्मपिता, म्हणून दोघं एकमेकांना कोमाद्रे-कोंपाद्रे म्हणत.

"कोंपाद्रे, गाव कशाला रिकामं करायचं? माझे गिनीपिग निवांत चरतायत. मागच्या वेळीही असंच उठवलंत. माझा नवरा त्या आसऱ्याच्या शाळेत गार फरशीवर गेला. आता मी नाही हलायची."

अब्दोनने रेषा बाजूला सारून नुसते आकडे काढले. २५६, ५१२, ७६८, पुन्हा २५६.

"बाई, डोंगर असे दोनशे छप्पन्नचे पाढे म्हणत नाही," तो मारिबेलबाईंना म्हणाला.

मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. डोंगराच्या हालचालीचा प्रत्येक आकडा दोन तुकड्यांत, दोन बाइटमध्ये यायचा, एक थोरला, एक धाकटा. जुना संगणक पहिल्या येणाऱ्याला थोरला मानायचा आणि नवी पेटी धाकट्याला पुढे धाडत होती. थोरल्याच्या जागी बसून एकाचे दोनशे छप्पन्न होत होते. त्याने वाचण्याचा क्रम उलटा केला आणि रेषा निवली.

मारिबेलबाईंचा चेहरा मात्र निवला नाही. "पडदा गप्प करणं सोपं आहे, मास्तर. उद्या खरंच फुटला तर? सकाळी उड्या मारल्या होत्यात?"

पेटी जोडली की यंत्र खरं दाखवतंय ना हे कळायला त्याच्याशेजारी तीन उड्या मारायच्या आणि खालून 'दिसल्या' असा निरोप आल्याशिवाय डोंगर उतरायचा नाही, ही तिथली रीत.

"नाही मारल्या. गुडघा ठणकत होता. चूक माझीच."

साडेतीन वाजले होते. वेधशाळेतून वर जायला तीन तास लागत. त्याने रेडिओ उचलला.

"कोमाद्रे, यंत्रापाशी जाऊन तीन उड्या माराल?"

"सत्तरीच्या बाईला उड्या मारायला लावता? तुमचे पाय काय गहाण पडलेत?"

"सकाळी मी चुकवल्या. म्हणून तुमच्या गावावर ही वेळ आलीय."

"थांबा, बूट चढवते."

दहा मिनिटांनी रेषेवर एक टोक उठलं. मग दुसरं. नंतर रेषा सपाटच राहिली. मारिबेलबाईंचा हात फोनवर होता. अब्दोनला वाटलं, म्हातारी पडली. आपल्यामुळे पडली.

आणि मग तिसरं टोक आलं, अगदी बारीक.

मारिबेलबाईंनी फोन फिरवला. "घंटा नको."

अब्दोनने नोंदवही ओढली. 'सकाळी उड्या मारल्या नाहीत' असं लिहून खाली सही केली. पुढच्या ओळीत, उड्या मारणाऱ्याच्या रकान्यात, झोइला चिकाइसा.

रेडिओवर धाप ऐकू आली. "दिसल्या का हो? तिसरी काही नीट जमली नाही."

"दिसली, कोमाद्रे," तो म्हणाला. "तिसरीसुद्धा दिसली."