खाऱ्या पाण्याची जिवाणी

"गळणं झटकायचं नाही. उलटं धरायचं, त्याच विहिरीचं पाणी वरून हळू ओतायचं आणि निघेल ते त्याच विहिरीत सोडून यायचं. दुसऱ्या नाही."

लग्न होऊन दोंडाईच्याला आले, तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच सकाळी हे शिकवलं. गळण्याच्या फडक्यात अडकलेले बारीक जीव म्हणजे जिवाणी. ती ज्याच्या त्याच्या पाण्यात परत जायला हवी. सासूबाई गेल्या, घरात नळ आला, पण जैन स्थानकामागच्या विहिरीचं पाणी आम्ही दोघी जावा अजून तसंच गाळतो.

गेल्या महिन्यात माझी लेक रूपल सुरतेहून जळगावला जाताना मध्येच घरी उतरली. हातात बर्फाची पेटी, पेटीत समुद्राच्या पाण्याच्या तीन बाटल्या. समुद्रात कोणकोणते मासे आहेत ते ती शोधते, पण एकही न पकडता. मासा जाताना अंगाचा काही ना काही कण पाण्यात सोडतो. ते पाणी बारीक कागदातून गाळायचं, कागदावरचा डीएनए वाचायचा, की कोण येऊन गेलं ते कळतं. सुरतेपलीकडच्या एका खाडीत तिला करवतीसारख्या तोंडाच्या माशाची खूण मिळाली होती. तो तिथे कित्येक वर्षांत कुणाला दिसला नव्हता.

"मग अडलं कुठे?" हे म्हणाले.

"साहेब म्हणतात, खूण खाडीतलीच कशावरून? सुरतेच्या प्रयोगशाळेशेजारी सुक्या मासळीचा बाजार, सगळ्यांच्या डब्यात मासे. म्हणून या वेळी आपल्या ओट्यावर गाळणार. चार पिढ्यांत इथे मासा आलेला नाही, पप्पा. याहून निर्मळ जागा मला कुठे मिळेल?"

"घ्या! आमचा ओटा विज्ञानाच्या कामी आला," म्हणत हे दुकानात गेले.

रूपल अंघोळीला गेली आणि तेवढ्यात घोळ झाला. माझ्या मोठ्या जाऊबाई, झुंबरबाई, यांना ओट्यावर न गाळलेलं पाणी दिसलं. हात सवयीने चालला. एक बाटली दुहेरी गळण्यातून कळशीत गेली, जिवाणी तांब्यात. नाकाला खारट वास आला तेव्हा कुठे थांबल्या.

मला वाटलं, पोरगी आता रडणार. ती म्हणाली, "दोन आहेत ना. दोन्हींत खूण निघाली तरी काम होतं. पण आत्ताच गाळायला हव्यात. बर्फ विरघळलाय, खुणा टिकायच्या नाहीत."

झुंबरबाईंनी दोन्ही बाटल्या मांडीवर घेतल्या होत्या. "तुझ्या कागदावरची जिवाणी परत समुद्रात जाते?"

"नाही, बडी मम्मी. कागद तपासायला जळगावला जाणार."

"मग देत नाही."

खोटंच हो म्हणून रूपल सुटली असती. पण ती त्यांच्यासमोर खाली बसली.

"कागदावरचं परत येणार नाही. पण आधी एवढंच कळायला जाळी ओढायचे, टोपल्याच्या टोपल्या मरायच्या. आणि हा मासा तिथे आहे हे ठरलं, तर त्या खाडीत जाळं टाकू नका, असं ठासून सांगता येईल मला."

झुंबरबाईंनी बाटल्यांवरचा हात काढला नाही. मग तांब्याकडे बघून म्हणाल्या, "आणि माझ्या गळण्यातलं?"

हे चहाला आले होते. "तापीत सोडा. तीपण जाते की समुद्राला."

"खाऱ्यातला जीव गोड्यात? भाऊजी, तुम्ही आपलं दुकान सांभाळा!"

"मी नेईन," मी म्हणाले. "त्याच खाडीत."

"मम्मी, तोवर त्यात..." रूपलने माझ्याकडे पाहिलं आणि वाक्य सोडून दिलं.

झुंबरबाईंनी बाटल्या पुढे केल्या. रूपलने मास्क लावला, झुंबरबाईंनी तोंडावर मुहपत्ती बांधली आणि दोघी ओट्याशी उभ्या राहिल्या. घरातलं काही मिसळलं नाही याची साक्ष म्हणून रूपलने एक कोरी बाटलीही गाळली, निव्वळ शुद्ध पाण्याची. दिवस मावळायच्या आत कागद डबीत बंद झाले.

"निघेल का गं?" मी विचारलं.

"निघेल. आहे तो तिथे."

सकाळी ती जळगावच्या गाडीने गेली. मी आसनावर बसून सामायिक केलं, सूर्योदयानंतरची नवकारसीची वेळ झाल्यावर उकळलेलं पाणी घेतलं. तांब्यातली जिवाणी कळशीतल्याच खाऱ्या पाण्यासह झाकणाच्या डब्यात भरली आणि डबा ओल्या फडक्यात बांधला. कोपऱ्यावर रिक्षावाला वना उभा होता.

"इतली सकाय सकाय कोठे चालनी, अक्का?"

"स्टेशनला. सुरतेची गाडी धरायची आहे. जरा हळू चालव."

डबा मी मांडीवर सरळ धरला.