हंबीररावांच्या डोक्यातला बदाम

खायचा समजून मला फोडायला उठू नका हं, मित्रांनो! दिसायला बदामासारखा असलो तरी मी हंबीररावांच्या डोक्यात राहतो. शास्त्रज्ञ मला अमिग्डाला म्हणतात. मेंदूत खोलवर, एक डावीकडे आणि एक उजवीकडे असे आम्ही दोघे आहोत, पण बोलतो एकाच तोंडाने. आता अडुसष्ट वर्षांचा जुना झालोय. तुमच्याही डोक्यात माझे नवेकोरे भाऊबंद आहेत, बरं का.

माझी घडण कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीत, हंबीररावांच्या आईच्या, बाळाबाईंच्या पोटात झाली. हंबीरराव जन्मले तेव्हा मी कामावर रुजू झालेलो होतो. काम साधं. समोर काही आलं की सांगायचं, हे भ्यायचं आहे की आवडीचं. शेजारी हिप्पोकॅम्पस राहतो. काय घडलं, कुठं घडलं, हे तो टिपून ठेवतो. त्यातलं काय जन्मभर विसरायचं नाही, ते मी त्याला बजावतो.

म्हणून तर हंबीररावांना शाळेतली एकही कविता आठवत नाही, पण वडिलांबरोबर म्हशी घेऊन कोल्हापूरच्या दूधकट्ट्यावर गेलेली पहिली पहाट जशीच्या तशी आठवते. पायाखालचा गार रस्ता, पुढं म्हशींच्या काळ्या पाठी, गिऱ्हाइकासमोर काढलेली धार आणि वडिलांनी हातात दिलेला फेसाळ दुधाचा पेला. काय दिवस होते ते! तेव्हा मी शेजाऱ्याला ओरडून सांगितलं होतं, 'हे नीट लिहून ठेव!'

नवव्या वर्षी ते कडब्याच्या गंजीतून पेंढी ओढत असताना मी त्यांना दोन हात मागं उडवलं. साप होता हे त्यांना मागाहून कळलं. विचार करायला वेळ लागतो, मला लागत नाही. भावकीनं त्यांची पाठ थोपटली. "लई चपळ हाय की बाळाबाईचं पोरगं!" माझं नाव कुणी काढलं नाही. भीती वाटो की आनंद होवो, माणसं हात ठेवतात छातीवर. सगळं श्रेय काळजाला! असो. सवय झाली आता.

पुढं मोटारसायकल आली. तुम्ही कोल्हापूरचे असाल तर सांगायला नको. इथं दिवाळीच्या पाडव्याला म्हशींची शिंगं रंगवतात, गळ्यात माळा घालतात आणि मालकाच्या गाडीमागं म्हैस पळवतात. शंभर गाड्या फटफटू द्या, म्हैस आपल्या मालकाच्या गाडीचा आवाज बरोबर ओळखते. हंबीररावांची चंद्रा तशी होती. मागं तिचे खूर वाजू लागले की मी त्यांच्या अंगावर काटा आणायचो, आनंदाचा. असे चार पाडवे आम्ही गाजवले. ते आठवलं की अजून कसंतरी होतं.

दोन वर्षांपूर्वी चंद्राला असंच पळवताना वळणावर वाळूवरून गाडी घसरली. हंबीरराव रस्त्यावर, पाय गाडीखाली, गाडी तशीच भडभडतेय आणि त्या आवाजामागं सुसाट येणारी चंद्रा! मेलो आता, असं वाटून मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. चंद्रा वीतभर अंतरावर थांबली. माणसं धावत येईपर्यंत ती त्यांच्याजवळून हलली नाही. पण ते मी धरलंच नाही. मी धरून ठेवले ते फक्त गाडीचा आवाज आणि खूर. चूक माझी आहे, मित्रांनो. सांगायला लाज वाटते.

मोडलेला पाय सांधला. पण गल्लीतून कुणाचीही गाडी गेली की मी ओरडायचो आणि हंबीरराव कानांवर हात ठेवायचे. दूधकट्टा सुटला. गोठ्यात पाऊल टाकवेना. ज्या चंद्राला हातानं पेंड चारायचे, ती ओरडली की ते उठून घरात जायचे. लोकांना मात्र भलतंच सांगायचे, "म्हस बिथरल्या. तिच्यावर भरवसा न्हाय." शेवटी मुरगूडच्या सयाजींना म्हैस विकायचं ठरवलं आणि निरोप गेला, पंधरा दिवसांनी येऊन म्हैस घेऊन जा.

चंद्राला रेडकू असल्यापासून वाढवलं होतं ते त्यांच्या लेकीनं, अनुजानं. ती बापासमोर उभी राहिली.

"आबा, म्हस न्हाय बिथरली. तुमी भ्यालायसा."

"कोण, मी?"

"व्हय, तुमीच. लहान रेडीला गाडीच्या आवाजाचं भ्या वाटतंय तवा आपण काय करतोय? लांब गाडी चालू करायची आन् हिकडं पेंड चारायची. रोज गाडी जरा जवळ आणायची. तसंच करूया की."

"म्हंजे आता मी रेडी झालो व्हय गं?"

"पंधरा दिस व्हा. मग खुशाल द्या तिला."

हंबीरराव चिडले आणि चिडता चिडता हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्याच्या दारात खुर्ची टाकून बसले. हातात चहाचा कप. अनुजानं गाडी चालू केली ती पार उसाच्या पलीकडं. मी ओरडलो. काहीच झालं नाही. चहा तेवढा संपला.

रोज गाडी थोडी जवळ यायची, रोज मी ओरडायचो आणि रोज काहीच व्हायचं नाही. कपाळामागं मेंदूचा एक शहाणा भाग असतो. तो मला दटावू लागला, 'गप रे, गाडी आहे नुसती.' आठव्या दिवशी हंबीररावांनी चंद्राच्या कपाळावर हात ठेवला. माझा आवाज खाली येऊ लागला. जुनी भीती पुसली गेली असं नाही, ती सहसा पुसली जातच नाही. तिच्या शेजारी नवी आठवण तयार होत गेली.

पंधराव्या दिवशी सयाजी टेम्पो घेऊन दारात आले. त्यांना बाजेवर बसवून अनुजानं गाडी काढली आणि चंद्राला मागं पळवलं. हंबीरराव रस्त्याच्या कडेला एकटे उभे राहिले. आवाज वाढत आला. खूर वाजू लागले. 'पळ!' मी ओरडलो. मला बेंबी नाही, नाहीतर बेंबीच्या देठापासून म्हणालो असतो. पण हंबीरराव जागचे हलले नाहीत. अनुजानं त्यांच्यापुढं गाडी बंद केली आणि चंद्रा धापा टाकत त्यांच्या पुढ्यात येऊन थांबली. त्यांनी तिच्या मानेला मिठी मारली आणि ते सगळ्यांदेखत रडले.

"पावणं, च्या घ्या," ते सयाजींना म्हणाले. "म्हस इकायची न्हाय."

"बिथरल्या म्हनत हुता की!"

"म्हस न्हाय वो," हंबीरराव म्हणाले. "मीच भ्यालतो."

अडुसष्ट वर्षांत हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले आणि काय सांगू मित्रांनो, मी एकदम शांत झालो. म्हणून विनवतो, कुणी भीत असेल तर त्याला हसू नका, ओढून नेऊ नका, त्याच्याजवळ बसा. आणि स्वतः भ्यालात तर तोंडानं तसं सांगा. आम्ही आत एवढं ओरडतो, ते कुणीतरी ऐकावं म्हणूनच.