केसभर चढा सूर

वय विचाराल तर दीडशेच्या पुढे सरकलेली, गुडघे नसूनही कुरकुरणारी अशी मी एक जुनी पायपेटी आहे, मित्रांनो. हातपेटी तुम्ही पाहिली असेल, भजनाला मांडीपुढे घेऊन बसतात ती. ती माझी नात म्हणा हवं तर. मी तिच्या पाचपट मोठी, टेबलाएवढी, आणि मला दोन्ही पायांनी भाता द्यावा लागतो. जन्म पॅरिसचा, संसार जर्मनीतल्या हायडेलबर्गचा. मग मराठी कुठून शिकली ही बया, असं लगेच विचारू नका. सगळं ओळीने सांगते. पेट्यांना घाई सोसत नाही.

मला घडवणाऱ्या कारागिराने माझ्या पोटात पितळेच्या पातळ पट्ट्या बसवल्या. हवा गेली की पट्टी थरथरते आणि सूर निघतो. त्यात त्याने एक खोडी करून ठेवली. उजव्या हाताचं एक पांढरं बटण ओढलं की एका पट्टीच्या जागी दोन पट्ट्या एकदम बोलतात, आणि त्यातली दुसरी त्याने मुद्दाम केसभर चढी लावलेली. दोघी जवळजवळ सारख्या, पण अगदी सारख्या नाहीत. त्यामुळे सूर एका जागी उभा न राहता हळूच झुलतो. आमच्याकडे या बटणाला स्वर्गाचा आवाज म्हणायचे. बटणावरचं नाव कधीच पुसलं गेलं, पण हा केसभर फरक तुम्ही ध्यानात ठेवा. पुढे माझा जीव त्याच्यावरच टांगणीला लागला.

माझे पहिले मालक एद्मों ऑर्तेल. वॉल्ट्झ नावाच्या नाचाचं संगीत रचायचे. वॉल्ट्झ म्हणजे तीन मात्रांचा नाच, एक जड आणि दोन हलक्या, जोडीने गरगर फिरायचं. पॅरिसच्या मोठमोठ्या दालनांत त्यांच्या संगीतावर हजार हजार जोडे लाकडी जमीन घासायचे. पण राहायचे कुठे, तर पाचव्या मजल्यावरच्या एका खोलीत. पियानो त्या जिन्यातून चढेना, म्हणून मला आणलं. माझं नशीब थोर!

त्यांची रीत मी जन्मात विसरणार नाही. आधी बोटं वरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांना लावायचेच नाहीत. नुसते पाय चालवायचे. एक दोन तीन, एक दोन तीन, माझा भाता भरायचा आणि रिकामा व्हायचा, आवाज काहीच नाही. असा तास गेला की डोळे मिटायचे आणि मग एकदम बोटं उतरायची. मी तर लाकूड आणि पितळ, पण माझ्या अंगावर काटा यायचा. अहो, जी हवा मी नुसती फुंकून टाकत होते, तिच्यातून या माणसाने एवढं गाणं ओढून काढलं कसं?

त्यांची आई आल्सासात, म्हणजे फ्रान्स आणि जर्मनीच्या सीमेवर, लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची आणि करता करता गुणगुणायची. लढाई झाली, आल्सास जर्मनीकडे गेलं. मुलगा या बाजूला राहिला आणि आई त्या बाजूला. ती गेल्याचं पत्र आलं त्या दुपारी त्यांनी तिचं गुणगुणणं आठवून एक वॉल्ट्झ बांधला, आणि तेव्हा ते पांढरं बटण ओढलं. म्हाताऱ्या आईचा हलणारा आवाज त्या खोलीत जसाच्या तसा आला, मित्रांनो. त्यांचे पाय थांबले, पण मी उरलेल्या हवेवर सूर धरून ठेवला. एवढंच माझ्या हातात होतं.

पुढे तो वॉल्ट्झ छापला गेला. गावोगाव नाचले लोक त्याच्यावर. छापील कागदावर सगळे सूर होते, फक्त बटणाचा उल्लेख नव्हता. पियानोला असलं बटण असतं कुठे?

म्हातारपणी त्यांनी मला त्यांच्या हायडेलबर्गच्या शिष्येला, लीनाला, लग्नात भेट दिलं. लीनाने तो वॉल्ट्झ बटणासकट आपल्या लेकीला शिकवला. त्या लेकीने एका भयंकर हिवाळ्यात घरातल्या खुर्च्या चुलीत घातल्या, पण मला हात लावला नाही. तिची मुलगी म्हणजे आमच्या फ्राउ केसलर, म्हणजे केसलरबाई. त्यांना वाजवता यायचं नाही, त्यांनी फक्त ऐकलं. आई गेल्यावर माझं झाकण बंद झालं ते चाळीस वर्षं. माझ्यावर कुंड्या आल्या, मग टेलिफोन, मग औषधांच्या गोळ्यांचे डबे. भात्याचं कातडं फाटलं. एके काळी पॅरिस डोलवणारी मी, आणि आता माझ्यावर मनी प्लांट! बोलून कोणाला दाखवणार?

गेल्या वर्षी चौऱ्याऐंशीव्या वर्षी फ्राउ केसलर घसरून पडल्या. एक तारखेला त्यांनी पफ्लेगेहाइममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात जायचं ठरलं. तिथली खोली एवढीशी, मी काही मावणार नव्हते. त्यांची एकच इच्छा होती. जाण्याआधी आईचा तो वॉल्ट्झ माझ्यातून एकदा ऐकायचा. दोन पियानोशिक्षक येऊन बघून गेले. एकाने पाय मारले तर माझ्यातून नुसती फस्स अशी हवा निघाली. "आल्झो, थोडक्यात, हे आता शोभेचं सामान," असं म्हणून तो कॉफी पिऊन गेला. मेल्याचा मला असा राग आला म्हणता!

आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ईप्सिता आणि तिची दहा वर्षांची लेक तनया राहतात. ईप्सिता विद्यापीठात संशोधन करते. पुण्याहून तिच्या सासूबाई, वसुधाताई, तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. एक दिवस त्या तनयाला घेऊन फ्राउ केसलरना पुरणपोळी द्यायला खाली आल्या आणि ताट हातात तसंच ठेवून दारात थबकल्या.

"अगं तनया, ही तर पायपेटी!"

"वास इस्ट दास?" तनयाने विचारलं, म्हणजे हे काय आहे. पोरीला मराठी सगळी कळते, पण उत्तर जर्मनमध्ये.

वसुधाताईंनी ताट माझ्यावरच ठेवलं, झाकण उघडलं, वाकून आत पाहिलं आणि हात जोडले. "पॅरिसचे सूर! अगं, पुण्यात आमच्या दुकानात असली जुनी पट्टी आली ना, तर तुझे आजोबा जेवण सोडून उठायचे." त्यांच्या यजमानांचं, श्रीपादरावांचं, पेटीदुरुस्तीचं दुकान होतं. लाकूडकाम ते करायचे आणि सूर लावायच्या वसुधाताई. तीस वर्षं. गवई म्हणायचे, वसुधावहिनींच्या हातून गेलेल्या पेटीत कणसूर, म्हणजे कणभर ढळलेला सूर, शोधून दाखवा आणि जेवण घ्या.

तनयाने मध्ये बसून दोघींचं बोलणं इकडून तिकडे केलं. फ्राउ केसलरची इच्छा कळली आणि वसुधाताईंनी पदर खोचला. "एक तारखेला अजून अकरा दिवस आहेत ना? मग होऊन जाईल."

"अहो आई, त्यांची खानदानी वस्तू आहे," मागून आलेली ईप्सिता घाबरली. "काही बिघडलं तर?"

"बिघडायला उरलंय काय त्यात?"

खिडक्या पुसायचं मऊ कातडं इथे प्रत्येक घरात असतं. त्याचे तुकडे कापून त्यांनी माझा भाता सांधला. एकेक पट्टी काढून पुसली. हे सगळं करताना बाई अखंड माझ्याशी बोलायच्या. सुनेच्या तक्रारी, गुडघ्याचं दुखणं, भाजीचे भाव, काही म्हणून सोडलं नाही. मराठी शिकले ती तिथे. चाळीस वर्षांनी माझ्याशी कोणी बोलत होतं, मला भाषेचं काय!

चौथ्या दिवशी भात्यात हवा धरली आणि माझ्या जिवात जीव आला. त्यांनी एकेक बटण ओढून पाहिलं. मग ते पांढरं ओढलं. एक सूर दाबला आणि कपाळाला आठी घातली.

"अरे देवा, ही आख्खी ओळ चढलीये. सगळ्याच्या सगळ्या कणसूर. बिचारीचे सूर उतरवायला कोणी हातच लावलेला दिसत नाही."

ती ओळ मुद्दाम तशी लावलेली होती, मित्रांनो! ओरडावं तर तोंड नाही. त्यांनी पर्स उघडली, तीस वर्षांची ती चपटी कानस काढली, पट्टीखाली पत्र्याचा तुकडा सरकवला आणि बुडाशी घासायला सुरुवात केली. बुडाशी घासलं की सूर उतरतो. शेंड्याशी घासलं की चढतो. पण घासलेलं पितळ परत उगवत नाही. बाई किती जीव लावून करत होत्या हो! घासायच्या, ऐकायच्या, पुन्हा इवलंसं घासायच्या. माझी एकेक जोडी एकमेकींत मिसळत गेली, आणि ऑर्तेलांच्या आईचा आवाज एकेका सुराने माझ्यातून जात राहिला. पाच दिवसांत सगळं झुलणं संपलं.

तनयाने फ्राउ केसलरकडच्या छापील कागदावरून वॉल्ट्झ आपल्या छोट्या कीबोर्डवर वाजवला. वसुधाताईंनी ऐकून तो डायरीत सारेगममध्ये लिहून घेतला आणि मांडीवर ताल धरून हसल्या. "हा आपला दादराच की गं! पण पहिल्या मात्रेवरून कसा उचलून नेतो बघ माणसाला."

तीस तारखेला दुपारी फ्राउ केसलर खुर्चीत येऊन बसल्या. उजवा हात आणि दोन्ही पाय वसुधाताईंचे, डावीकडची साथ तनयाची. वॉल्ट्झ सुरू झाला. खरं सांगते, एवढी सुरात मी जन्मात नव्हते. आरशासारखी स्वच्छ. ईप्सिताने टाळ्या वाजवल्या.

फ्राउ केसलर हसल्या, पण ते हसणं पाहुण्यांसाठीचं होतं. "फार सुंदर," त्या म्हणाल्या. मग अपराध्यासारख्या पुटपुटल्या, "पण ती नाही आली."

"कोण नाही आलं?" वसुधाताईंनी विचारलं.

तनयाने विचारलं आणि ऐकून घेतलं. मग कधी नव्हे ते सरळ मराठीत म्हणाली, "आजी, त्या म्हणतात, त्यांची आई वाजवायची तेव्हा आवाज असा हलायचा." आणि पोरीने फ्राउ केसलरसारखाच हात हवेत धरून हळूच डोलवला. "त्यांना वाटतंय, आपल्यालाच नीट आठवत नाही. म्हणतात, आठवणसुद्धा गेली वाटतं माझी."

वसुधाताई त्या हाताकडे बघत राहिल्या.

"आंदोलन," त्या म्हणाल्या. "अगं, ते आंदोलन होतं! दरबारी रागातला गंधार कसा झुलवत ठेवतात, तसं घडवणाऱ्याने मुद्दाम झुलवलं होतं. आणि मी शहाणी, कानस घेऊन बसले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती!" त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "आख्खी ओळ चढलेली, एकसारखी. आख्खी ओळ कधी आपोआप एकसारखी बिघडते का? एवढं मला कळू नये?"

त्या रडल्या, मित्रांनो. बेसूर ऐकून रडणारे मी पाहिले होते, पण आपण सुरात लावलं म्हणून रडणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग नाक पुसून उठल्या. "केसलरबाईंना सांग, त्यांची आठवण पक्की आहे. चूक माझी. आणि म्हणावं, मला त्यांचे कान लागतील."

पत्रा सरकला, कानस आली, पण या वेळी शेंड्याशी. एकदाच घासलं असतं तर गोष्ट वेगळी. दोनदा घासलेली पट्टी जरा जास्त झालं की तुटते. जिने आयुष्यभर सूर जुळवले ती बाई आता जुळलेला सूर मोडत होती. फ्राउ केसलर माझ्या शेजारी डोळे मिटून बसल्या होत्या. वसुधाताई घासायच्या, सूर धरायच्या. फ्राउ केसलर मान हलवायच्या, नाही. पुन्हा इवलंसं. नाही. पुन्हा. आणि मग त्यांचा हात आपोआप वर आला आणि हवेत डोलू लागला.

"गेनाऊ," त्या म्हणाल्या. "अगदी हीच."

एक सूर सापडला. बाकीचे वसुधाताईंनी त्याच्या मापाने लावले. त्या रात्री जेवायला काय, झोपायलासुद्धा उठल्या नाहीत. एक तारखेला अकरा वाजता गाडी यायची होती. सकाळी नऊ वाजता शेवटची पट्टी माझ्यात परत बसली.

त्यांनी बटण ओढलं. आधी काही वेळ नुसतेच पाय चालवले, हवेचा अंदाज घ्यायला. कोणी शिकवलं नव्हतं त्यांना. मला एकदम पाचव्या मजल्यावरची ती खोली आठवली. मग बोटं उतरली, आणि इस्त्री करणारी ती म्हातारी एका पुण्याच्या बाईच्या पायांच्या हवेवर पुन्हा गायली. सूर झुलला, सावरला, पुन्हा झुलला. ज्याने हे रचलं तो जाऊन शंभरावर वर्षं झाली, त्याला या बाईचं गावही ठाऊक नव्हतं, आणि तरी ती त्याच्या आईला ओळखत होती. मी थक्क झाले. मी स्वतःच वाजत होते आणि स्वतःच थक्क होत होते.

"मामा," फ्राउ केसलर म्हणाल्या. त्यांच्या भाषेत मामा म्हणजे आई. आणि मग, "नोख माल." पुन्हा एकदा.

तीनदा वाजवला. तिसऱ्यांदा संपला तेव्हा वसुधाताईंनी कानाची पाळी पकडली.

"आजी, असं का करतेस?" तनयाने विचारलं.

"गुरूचं नाव घेताना करतात. आणि गुरूपुढे चुकलो तरी. नाव काय म्हणालीस त्यांचं?"

"एद्मों ऑर्तेल."

वसुधाताईंनी नाव जमेल तसं म्हटलं आणि पुन्हा पाळी पकडली.

गाडी आली, फ्राउ केसलर गेल्या. जाताना मला तनयाच्या स्वाधीन करून गेल्या. चौघांनी मला तिसऱ्या मजल्यावर चढवलं, अर्थात शिव्या देत. महिन्याभराने वसुधाताईही पुण्याला परतल्या. रविवारी तनया फोन माझ्यावर ठेवून वाजवते. फ्राउ केसलर तिकडून ऐकतात आणि एखादा सूर चुकला तर जर्मनमध्ये ओरडतात.

तेव्हा मित्रांनो, जुनं काही हातात आलं तर त्याची धूळ जरूर पुसा, फाटलं असेल ते सांधा. पण त्याचं वेडंवाकडं सरळ करायला निघण्याआधी, ते ज्याने ऐकलंय अशा एखाद्या म्हाताऱ्या माणसाला शोधून विचारा. माझ्याबद्दल विचारायला एक जण शिल्लक होती. सगळ्यांचं नशीब एवढं चांगलं नसतं.

निघायच्या दिवशी वसुधाताईंनी माझ्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवला. वर त्यांच्या अक्षरात मराठी, खाली तनयाच्या अक्षरात जर्मन. त्यावर एवढंच लिहिलंय: "पांढऱ्या बटणाचे सूर चुकलेले नाहीत. ही एका माणसाची आई आहे. कृपया दुरुस्त करू नये."