रोहूचं मुंडकं

गोपीचंद नववीतूनच शाळेले रामराम ठोकून आल्ता. मास्तरनं भर वर्गात "याचं डोकं फिरेल हाय" म्हटलं, तं यानं दप्तर खिडकीतून फेकलं अन् दप्तरामागं सोता निघून गेला. तवापासून वरठीच्या टेसनाजवळ गोमाजीच्या सायकल दुकानात पंक्चर काढत होता. कारखाना नवा नवा निघाल्ता, तवा सायकली भरपूर अन् पंक्चरही भरपूर.

दुकानासमोर हालदारबाबूचं बंगाली हॉटेल. कारखान्यातले बंगाली लोक तिथंच जेवत. गोपीची नजर भल्ली तेज. रस्त्याच्या या बाजूनं त्याले हॉटेलातलं सारं दिसे. हालदारबाबूची बुढी माय, पांढऱ्या लुगड्यातली, मागच्या पडवीत वेगळ्या चुलीवर आपलं वेगळं शिजवते, हेही त्यानं पायलं होतं.

"सुनेसंग पटत नसंन बुढीचं," तो म्हणे.

"तुले बम माहीत राह्यते बे सगळ्यायच्या घरचं," गोमाजी म्हणे.

गोपीची माय शकुनबाई कोंढ्याले राहे. बाप श्यामराव जिता होता तवा वैनगंगेवरून रोहू आणे, अन् शिजली का मुंडकं उचलून मायच्या ताटात टाके. "हे तुयं," इतलंच म्हणे. माय ते इतक्या सावकाश खाये का बाकीचे हात धुऊन उठले तरी तिचं चालूच राहे. बाप गेला, अन् मंग घरात कोणी रोहू आणलीच नाही. माय तोंडानं कधी बोलली नाही. फक्त औंदा पोळ्याले भाकर थापता थापता म्हणून गेली, "तुया बाप गेला अन् मुंडकंही गेलं रे बापू." अन् हासली.

ते हासणं गोपीच्या डोक्यात बसलं. मायले रोहूचं मुंडकं खाऊ घालाचं, तेही साध्या जागी नाही, हालदारबाबूच्या हॉटेलात. बंगाल्यायच्या दसऱ्याच्या पूजेत मासोळी बनते तशी कुठंच बनत नाही, असं त्यानं आयकलं होतं.

नवरात्रात माय मासोळीले हात लावत नसे. दसऱ्याले घट उठले अन् ती मोटारीनं वरठीले आली. नवं लुगडं, पदरात सोन्याची पानं बांधलेली.

"हॉटेलात कायले रे? लोक का म्हणतीन?"

"लोकायचं काय घेऊन बसली माय. चाल."

हॉटेलात अगरबत्तीचा वास, टेबलायवर केळीची पानं. हालदारबाबूनं मायले पायलं, मायचं मोकळं कपाळ पायलं, अन् दोन्ही हात जोडले. "आओ माँ, आओ." गोपीले त्यानं खिडकीपाशी बसवलं. मायले त्याच टेबलाच्या त्या टोकाले, आपल्या बुढ्या मायच्या बाजूले. बुढीनं मायचा हात धरला अन् आपल्या भाषेत काहीतरी बोलली. मायले एक शब्द समजला नाही, पण मान हालवली.

सुरवातीले आलं कडू कारल्याचं काहीतरी, शेवग्याच्या शेंगा टाकलेलं.

"सणाच्या दिवशी कारलं?" गोपी कुरकुरला.

"चूप रह्य," माय म्हणाली. "चांगलं हाय. दूध टाकलं हाय त्याच्यात."

मंग दाळ आली, तळलेली वांगी आली. एका वक्ती एकच. बाजूच्या टेबलावरचे कारखान्यातले लोक हासून राहिले होते, पानं पुसून राहिले होते. माय बोटं चाटून राहिली होती. गोपीले वाटलं, जमलं बुवा.

मंग मासोळी आली. हालदारबाबू सोता घेऊन आला. मोठ्या वाडग्यातून त्यानं रोहूचं मुंडकं काढलं, लाल रश्शातलं, तळहाताहून मोठं, अन् गोपीच्या पानावर ठेवलं. "आज तुम खाओ, बेटा. त्यौहार है." मंग सगळ्यायच्या पानावर एकेक तुकडा वाढला. मायच्या पानापाशी आला, अन् तसाच पुढं निघून गेला. मागून त्याची बायको आली अन् तिनं बुढीच्या चुलीवरची छेन्याची, म्हंजे पनीरची, भाजी मायले वाढली. बुढीलेही तेच.

मायनं गोपीच्या पानाकडं पायलं. एकच वेळ पायलं, अन् मंग आपल्या भातात बोटं घातली.

गोपीचं डोकं तडकलं. खेड्यावरची बाई दिसली म्हणून भाजी? तो उठला, बेंच मागं आपटला.

"ओ हालदारबाबू. माया मायले मासोळी काहून नाही दिली?"

हालदारबाबू वाडगं घेऊन तसाच उभा.

"गोपी, बस," माय बारीक आवाजात म्हणाली. "मले नोको."

"कशी नोको? तुयासाठी तं आलो. मुंडक्यासाठीच आली ना तू?" आता त्याचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेल्ता. "आमी का फुकटात आलो का? सांगा ना, काहून नाही दिली?"

हालदारबाबूले उत्तर द्यायचं नव्हतं, त्याच्या तोंडावरच दिसून राहिलं होतं. पण सगळे पाहून राहिले होते. तो हळूच बोलला, "बेटा, हमारे में विधवा माछ नहीं खाती. मेरी माँ ने बीस बरस से छुआ नहीं. इसलिए माँ की रसोई का दिया. इज्जत से दिया."

तो शब्द साऱ्या हॉटेलात पडला. मायचा हात भातातच थांबला. बुढीनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

गोपीले समजलं. तवाच समजलं, पण राग आता पुढं निघून गेल्ता. त्यानं पान उलटवलं, मुंडकं खाली फरशीवर पडलं, अन् मायचा दंड धरून तिले भायेर काढलं. मायनं हातही धुतला नव्हता. पदराले पुसला. पदरातली सोन्याची पानं पिवळी होऊन गेली.

मोटारीत चढतानी म्हणाली, "दुकानात नीट राह्यजो बापू."

राती गोपीले झोप नाही आली. मुंडकं त्याच्याच पानावर होतं. त्यानं त्याले हातही लावला नव्हता. जरासा हात लांब करायचा होता, उचलायचं होतं अन् तिच्या पानावर ठेवायचं होतं. बाप तेच करे. कोणाले विचारत नव्हता, कोणावर वरडत नव्हता.

सकाळी हालदारबाबू दुकानात आला. पुड्यात संदेश, बंगाली मिठाई. "माँ को देना," म्हणाला, "मुझे पूछना चाहिए था." गोपीनं खाली पाहून पुडा घेतला. माफी मागाची होती, पण तोंडातून निघालं, "चाकात हवा हाय का तुमच्या?" हालदारबाबूजवळ सायकलच नव्हती.

दिवाळीच्या आंधी गोपी कोंढ्याले गेला. नदीवरून रोहू घेतली, चांगली जाड. मायनं साफ केली, मसाला वाटला, शिजवली. तोच वास, बाप होता तवाचा. दोघायची ताटं मांडली. गोपीनं मुंडकं उचललं अन् मायच्या ताटात ठेवलं.

"हे तुयं," तो म्हणाला.

मायनं ताटाकडं पायलं. मंग दोन्ही हातानं, मोडू नये असं, ते उचलून त्याच्या ताटात ठेवलं.

"मी सोडलं रे."

"काहून वं माय? आपल्यात कोणी सोडत नाही."

"त्या बुढीनं सोडलं ना. इतल्या लोकायसमोर झालं ते. आता घास तोंडाजवळ आणला का तेच आठवते." तिनं आपल्या भातावर दाळ वाढून घेतली. "तू खाय. थंडं होऊन राहिलं."

माय दाळभात खाऊन, हात धुऊन उठली. मुंडकं गोपीच्या ताटात होतं, डोळा वर करून. तो कितीतरी वेळ ताटावर बसून राहिला.