बेबीनंदाची वाढ कुणी खुंटवली?

"बिलकुल जायचं न्हाई!" बद्रीनाथचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "चौदा वर्षांची पोर आन् लोखंड उचलून राह्यली! वाढ खुंटंल तिची. मंग बुटक्या पोरीला कोण करून घेईल?"

मंठ्याच्या शाळेत त्या वर्षी, म्हणजे १९९७ साली, सुहासिनी मॅडमनी मुलींना वजन उचलण्याचा खेळ शिकवायला घेतला होता. बद्रीनाथच्या मुलीचं, बेबीनंदाचं, त्यात मन रमलं होतं. पण बापापुढे बोलायची तिची छाती नव्हती. ती मुकाट घरी बसली.

चार दिवस पोरगी सरावाला आली नाही, तेव्हा मॅडम स्वतःच घरी आल्या. बद्रीनाथनं त्यांना बाजेवर बसवलं, पण चेहरा काही सैल केला नाही.

"दादा, वजनानं उंची खुंटते हा गैरसमज आहे," मॅडम म्हणाल्या. "हो, कुणी न शिकवता एकदम जड उचललं तर हाडाला इजा होऊ शकते. म्हणून तर मी आधी नुसत्या काठीवर शिकवते. झेपेल तेवढंच वजन, तेही माझ्या समोर. त्यानं हाडं उलट बळकट होतात."

"तुमचं शिक्षण तुमच्यापाशी ठेवा, मॅडम. पोर माझी हाय."

तेवढ्यात दार ढकलून बेबीनंदा आत आली. कोपऱ्यावर पाण्याचा टँकर आला होता. डोक्यावर भरलेला हंडा, त्यावर तांब्या, कमरेवर कळशी. मान ताठ धरून धरून तिचा चेहरा लाल झाला होता. उंबरा ओलांडताना तिचा तोल गेला आणि कळशी हिंदकळली.

"अगं, नीट धर की! पानी सांडून राह्यली!" बद्रीनाथ खेकसला.

मॅडम काही बोलणार, त्याआधीच चुलीपुढून बेबीनंदाची आई कौसल्या उठली. कुणासमोर कधी तोंड न उघडणारी बाई! पण आज ती नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"सांडू द्या! आख्खं सांडू द्या! हे वजन न्हाई का? रोज सकाळ-संध्याकाळ ती हे वाहती, तवा न्हाई खुंटत वाढ? सरकीचं पोतं बैलापुढं वढती, तवा न्हाई खुंटत? आपला वसंता तालमीत वजनं उचलतो, त्याला कधी म्हणलात, बाबा, वाढ खुंटंल?"

"तो पोरगा हाय," बद्रीनाथ पुटपुटला.

"हाडं येगळी असत्यात का पोराची? दूध त्याला, तूप त्याला. हिला उरली तर भाकर, न्हाईतर पाण्यासंग चटणी. मॅडम, तुमीच सांगा, वाढ कशानं खुंटती?"

"उपाशी राहण्यानं, ताई," मॅडम शांतपणे म्हणाल्या, पण त्यांचेही डोळे पेटले होते. "वाढीच्या वयात पोटभर खाणं आणि पुरेशी झोप मिळाली नाही, तर त्यानं वाढ खुंटते."

बद्रीनाथनं पोरीकडे पाहिलं. हंडा अजून तिच्या डोक्यावरच होता! कुणीच उतरवून घेतला नव्हता. तो उठला, दोन्ही हातांनी हंडा धरला आणि त्या ओझ्यानं त्याचाच खांदा कलला. एवढं वजन आपण कधी उचलून पाहिलं होतं?

दुसऱ्या दिवशी टँकरपाशी बद्रीनाथ आणि वसंता हंडे घेऊन उभे होते. गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. हसू द्या! बेबीनंदा शाळेतून थेट सरावाला गेली. रात्री तिच्या ताटात वसंताएवढंच वाढलं गेलं.

आठवड्यानं बद्रीनाथनं बायकोला विचारलं, "आता तरी राग गेला का?"

"न्हाई," कौसल्या म्हणाली. "मी बी आठ वर्षांची असल्यापासून पानी वाहिलं, समद्यांच्या मागून जेवले. माझ्या वाढीची काळजी कुणी केली व्हती?"



बंधूंनो, भगिनींनो, कौसल्याचा हा राग विझू देऊ नका! मुलीच्या हातात खेळाचं वजन आलं की आपल्याला तिच्या उंचीची चिंता लागते. तिच्या डोक्यावरचा हंडा आणि तिचं अर्धं ताट मात्र आपल्याला दिसत नाही. वाढ लोखंडानं खुंटत नाही. घरच्यांनी केलेल्या दुजाभावानं खुंटते. आज घरी जेवायला बसाल, तेव्हा आधी मुलीच्या ताटात पाहा!